नाताळ म्हणजे फक्त केक आणि शॉपिंग?

एकांनी लिहिलंय की 25 डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाहीच, मग त्या सणाला अध्यात्म कुठलं, नुसता केक, सांता आणि शॉपिंग. तारखेचं बरोबर आहे, कुठेच दिलेली नाही, पण गाभा तारखेत नाहीच मुळी. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात काय आहे बघा, उतारशाळेत जागा नाही म्हणून बाळ येशूला गव्हाणीत ठेवलं आणि ही बातमी आधी कोणाला कळते तर रात्री रानात मेंढरं राखणाऱ्या मेंढपाळांना, राजवाड्यात नाही की देवळात नाही. देव माणूस होतो आणि तोही असा उघड्यावर, ज्याला कुणीही जवळ जाऊन बघावं, मला तर यापुढे बोलायला शब्दच सुचत नाहीत.

असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेचोत खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून गव्हाणीचा देखावा केला तो याचसाठी, की लोकांना ती गरिबी डोळ्यांनी दिसावी. वसईत आजही पोरं रात्री जागून गव्हाणी करतात त्यामागे तेच आहे.

आणि नाताळाआधीचे आगमनकाळाचे चार रविवार कोणी धरतच नाही, प्रार्थना, कबुलीजबाब म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली, मनाची तयारी सगळी तेव्हा असते. शिवाय 25 ला संपत पण नाही, 6 जानेवारीला बाळ येशूला बघायला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचा सण असतो, ते तर परदेशी, परक्या धर्माचे, तरी त्यांना ताऱ्याने वाट दाखवली. गोव्यात चांदरला हा सण बघून या एकदा.