‘पंखाकृती मैदान’, ‘मुरमाड’ आणि ‘खुरटी झुडपे’ : वाळवंटाच्या वर्णनातील काही शब्द

प्रश्न : अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटांतील माती आणि वनस्पती यांवर मराठीत एक टिपण लिहितो आहे. डोंगरपायथ्याशी ओढ्यांनी पसरवलेल्या दगडगोट्यांच्या उतारांना पाठ्यपुस्तकांतील ‘पंखाकृती मैदान’ हा शब्द वापरावा का? तेथील मातीला ‘मुरमाड’ आणि झुडपांना ‘खुरटी, काटेरी’ म्हटलेले चालेल का?

उत्तर : ‘पंखाकृती मैदान’ हा शब्द रूढ आहे आणि शाळेत भूगोल शिकलेल्या वाचकाला तो लगेच कळतो, म्हणून पहिल्या उल्लेखात तो अवश्य ठेवावा, पुढे मात्र नुसते ‘पंखा’ लिहावे, असे माझे मत आहे. मैदान म्हटले की सपाटी डोळ्यांसमोर येते, आणि या भूरूपाचे सारे मर्म तर उतारात आहे. अरुंद घळीतून वेगाने आलेले पाणी मोकळ्यावर येताच पसरते, उथळ होते, त्याची वाहून नेण्याची ताकद ओसरते आणि आणलेला माल ते तेथेच टाकते; त्यामुळे धोंडे प्रामुख्याने घळीच्या तोंडाशी, गोटे व रेव मधल्या उतारावर आणि वाळू व पोयटा खालच्या कडेला अशी साधारण वाटणी होते. या मालाला ‘गाळ’ म्हणणेही मला खटकते, कारण गाळ म्हणजे बारीक, बसणारा चिखल, तर येथे हाताने न उचलणारे धोंडेही असतात. ‘जलोढ’ अर्थाने बरोबर असला तरी मराठी कानाला परका वाटतो. ‘ओढ्याने घातलेली भर’ असे सरळ लिहिले तर काहीच बिघडत नाही.

शेजारशेजारचे पंखे वाढत जाऊन एकमेकांना मिळाले की जो सलग उतार होतो, त्याला तिकडे स्पॅनिशमधून आलेला ‘bajada’ हा शब्द वापरतात. त्याचे लेखन ‘बजाडा’ असे न करता ‘बाहादा’ करावे, कारण स्पॅनिशमध्ये ‘j’ या अक्षराचा उच्चार ‘ह’च्या जवळ जातो. शब्दाचा मूळ अर्थ ‘उतरण’ असा आहे, आणि आपला ‘उतरण’ येथे चपखल बसतो.

आता ‘मुरमाड’. खडक जागच्या जागी कुजून, झिजून मुरूम तयार होतो. पंख्यावरचे दगड मात्र दुरून वाहून आलेले असतात, म्हणून हा शब्द टाळावा. ‘खडी’ म्हणजे फोडलेला दगड, तीही नको. ‘रेव-गोट्यांची माती’ पुरे. अमेरिकी मृदावर्णनात २ मिलिमीटरपासून सुमारे ७५ मिलिमीटरपर्यंतच्या तुकड्यांचे प्रमाण घनफळाच्या १५ टक्क्यांवर गेले की मातीच्या नावाआधी ‘रेव-गोट्यांची’ हे विशेषण लावतात, आणि ३५ टक्क्यांच्या वर ‘अति’ जोडतात. आपल्या टिपणात हा भेद राखायला हवा.

सर्वांत जपून वापरायचे शब्द म्हणजे ‘हलकी’ आणि ‘भारी’. शेतीच्या बोलीत हलकी जमीन म्हणजे भरड, पाणी न धरणारी, अर्थात कमी प्रतीची. वाळवंटात हा हिशेब उलटतो. थोडक्या पावसाचे पाणी चिकण मातीत वरच्या काही सेंटिमीटरांतच अडकते आणि उन्हाने उडून जाते. भरड मातीत तेच पाणी खोल उतरते आणि बाष्पीभवनापासून वाचते. म्हणूनच अ‍ॅरिझोनातील टूसॉनच्या परिसरात पंख्यांच्या वरच्या, दगडाळ भागावर पालो व्हेर्दे वृक्ष आणि साग्वारो निवडुंग असे उंच, विविध वनस्पतींचे मिश्रण आढळते, तर खालच्या बारीक मातीवर बहुधा क्रिओसोट आणि बर्सेज या झुडपांचीच एकसुरी वस्ती असते. तेथे १९०३ मध्ये स्थापन झालेल्या वाळवंट-प्रयोगशाळेने वनस्पती व माती यांच्या अशा संबंधांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तेव्हा ‘हलकी’ऐवजी ‘भरड’ लिहावे. त्यात बऱ्यावाइटाचा निवाडा येत नाही.

‘खुरटी’ या शब्दातही असाच निवाडा लपलेला आहे. खुरटे ते, जे वाढायला हवे होते आणि वाढले नाही. क्रिओसोटचे झुडूप एक ते तीन मीटर वाढते आणि तीच त्याची पूर्ण वाढ असते. ते काटेरी तर मुळीच नाही : बुडापासून अनेक फांद्या, तळाशी जुळलेल्या दोन चिमुकल्या पर्णिकांचे पान, त्यावर राळेचा चकचकीत लेप आणि पावसानंतर दरवळणारा उग्र वास. मोहावी वाळवंटातील अशाच एका झुडपाचे बाहेर पसरत गेलेले कडे सुमारे ११,७०० वर्षांचे असावे, असा अंदाज आहे. इतक्या चिवट वनस्पतीला खुरटी म्हणणे अन्यायाचे आहे. ‘विरळ झुडपे’ म्हणावे.

दुसरे उत्तर : वरील मुद्द्यांत मातीच्या वयाची भर घालावीशी वाटते. एकाच पंख्यावर कालच्या पुराने टाकलेली ताजी रेव आणि हजारो वर्षे पाण्याने न शिवलेला जुना पृष्ठभाग शेजारी असू शकतात, म्हणून ‘पंख्याची माती’ असे एकवचनी विधान करू नये. जुन्या भागावरचा दगड उलटून पाहिला तर पोटाकडे पांढरा चुन्याचा लेप दिसतो. काळ जातो तसा तो दगडांमधल्या फटी बुजवत जातो आणि शेवटी घट्ट थर होतो. दगडगोट्यांत मोकळी जागा कमी असल्याने तेथे ती बारीक मातीपेक्षा लवकर बुजते. हे टप्पे न्यू मेक्सिकोतील अभ्यासावरून १९६६ मध्ये मांडले गेले. या थराला ‘चुनखडक’ म्हणू नये, तो वेगळा खडक आहे. ‘चुनखडीचा थर’ योग्य.

जुन्या पृष्ठभागावर दगड एकमेकांना बिलगून बसलेले असतात, त्याला ‘दगडी फरस’ म्हणता येईल. मात्र ‘वाऱ्याने माती उडून उघडी पडलेली फरस’ असे सरसकट लिहू नये. अनेक ठिकाणी उलट, वाऱ्याने आणलेली धूळ दगडांखाली साचते आणि दगड तिच्यावर उचलले जातात, असे आता मानतात. या धुळीच्या थरातून पाणी फारसे मुरत नाही, म्हणून झुडपे फरसावर क्वचितच आणि ओघळींच्या कडेने अधिक दिसतात.

प्रश्नकर्ता : दोघांचेही आभार. झुडपाच्या बुडाशी जी सुपीक माती साचते, तिला ‘आळे’ म्हणावे का?

उत्तर : नको. आळे खोलगट असते आणि पाणी धरण्यासाठी मुद्दाम करतात. येथे पालापाचोळा, धूळ आणि वाळू झुडपाखाली अडकून उंचवटा होतो, आणि नत्रासारखी पोषकद्रव्ये आजूबाजूच्या उघड्या जमिनीपेक्षा तेथे जास्त असतात. ‘बुडाचा सुपीक उंचवटा’ असे लिहावे.