विमान पॅरिसचं, उतरायचं टेंभुर्णीला

(सोलापुरातल्या सोसायटीचा ग्रुप, शनिवार सकाळ)

अक्का, सी-204: नमस्कार सगळ्यांना. एक विचारायचं होतं. आम्ही दोघं मे महिन्यात लेकीकडे मिलानला चाललोय, बारा दिवस. एवढं लांब जातोच आहे तर पॅरिस पण बघून यावं म्हणतोय. जावईबापूंनी तिकीट शोधलंय, मिलान ते पॅरिस, माणशी 19 युरो. म्हणजे दोन हजाराच्या आसपास! दिवाळीत पुण्याच्या ट्रॅव्हल्सला याहून जास्त मोजलेत आम्ही. दर आज रात्रीपर्यंतच आहे म्हणे. घेऊ का? कुणी गेलंय का असं?

वहिनी, ए-301: अय्या अक्का, मस्तच! आयफेल टॉवरपुढं नऊवारीत फोटो पाहिजे.

पिंटू, ए-402: काकू, डोळे झाकून घ्या.

अण्णा, बी-303: पिंटू, तू आधी डोळे उघड. अक्का, तिकिटाचा फोटो टाका. विमानतळाचं नाव बघू.

अक्का, सी-204: फोटो टाकलाय. मिलान (बर्गामो) ते पॅरिस (बोव्हे). सुटणार रात्री 8.55, पोचणार 10.30.

अण्णा, बी-303: वाटलंच मला. अक्का, कंसात लिहिलेलं वाचायचं, बाहेरचं सोडून द्यायचं. बर्गामो हे मिलान नाही आणि बोव्हे हे पॅरिस नाही. बर्गामो मिलानपासून पंचेचाळीस-पन्नास किलोमीटर. बोव्हे पॅरिसच्या उत्तरेला पंच्याऐंशी किलोमीटर.

मामा, डी-102: म्हणजे तुळजापूरला जाऊन विमानात बसायचं आणि टेंभुर्णीला उतरायचं 😂

अण्णा, बी-303: अगदी तेच. वर बोर्ड लावायचा, "सोलापूर (टेंभुर्णी)". जर्मनीत तर याहून कहर आहे. फ्रँकफर्टच्या नावानं तिकीट विकलं जायचं ते हान नावाचं विमानतळ फ्रँकफर्टपासून सव्वाशे किलोमीटर. आपलं इंदापूर मागं पडतं तेवढ्यात. मूळचा अमेरिकन हवाई दलाचा तळ तो. 1993 ला ते गेले, धावपट्टी आयती तयार होती.

वहिनी, ए-301: पण असं का करतात? लोकांना कळत नाही का?

पिंटू, ए-402: वहिनी, फसवाफसवी नाहीये ती, त्याचमुळं तर तिकीट स्वस्त पडतं. मोठ्या विमानतळावर उतरायचं, थांबायचं भाडं जबरी असतं आणि गर्दी एवढी की विमान रांगेत उभं. छोट्या ठिकाणी भाडं कमी. शिवाय विमान आलं, माणसं उतरली, दुसरी चढली, अर्ध्या तासाच्या आत परत हवेत. एका विमानाच्या दिवसात जास्त फेऱ्या होतात. वडाप जीपचंच गणित आहे, गाडी उभी राहिली की तोटा.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे याची नम्र आठवण. पार्किंगच्या पट्ट्यांबद्दल मी बुधवारी विचारलेलं, एकाचंही उत्तर नाही.

मामा, डी-102: साहेब, अक्का सोसायटीच्याच आहेत की.

अण्णा, बी-303: मोठा मेसेज टाकतोय, सांभाळून घ्या. गेल्या वर्षी मुलाकडे तीन महिने होतो, तेव्हा आम्ही हेच केलं. बर्गामोहूनच बोव्हेला गेलो, रात्रीचंच विमान. मिलानच्या मोठ्या स्टेशनच्या बाहेरून बर्गामोला बस सुटतात, तासाभराचा रस्ता. इथवर छान. विमान सव्वा तास उशिरा सुटलं. बोव्हेला टर्मिनलच्या दारातच पॅरिसची बस उभी होती, विमानाच्या वेळेवरच सोडतात ती. बस रिकामी, रस्ता रिकामा, तरी सव्वा तास लागतोच. पॅरिसच्या कडेला उतरलो तेव्हा दीड वाजला होता. तिथली मेट्रो एरवी रात्री सव्वा वाजण्याच्या सुमाराला बंद होते, शुक्रवार-शनिवारी तासभर जास्त. आमचा होता मंगळवार. थंडीत दोन बॅगा, हिचा हात धरलेला, आणि समोर शटर खाली. मग टॅक्सी. टॅक्सीला किती दिले ते हिच्यासमोर अजून सांगितलेलं नाही, ही पण ग्रुपवर आहे म्हणून इथंही सांगत नाही.

अण्णांच्या घरून, बी-303: मला माहीत आहे किती दिले ते.

मामा, डी-102: 😂😂😂

पिंटू, ए-402: अण्णा, पण दोष त्या रात्रीच्या वेळेचा आहे, लांबच्या विमानतळाचा नाही. मी ऑनसाइटला होतो तेव्हा लंडनला स्टॅनस्टेडहून कितीदा उडालो. ते पण साठेक किलोमीटर लांब. पण रेल्वेचं स्टेशन टर्मिनलच्या खालीच, पन्नास मिनिटांत लंडनमधल्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनला. लंडनच्याच ल्यूटन विमानतळाचं उलटं होतं. अंतर त्याहून कमी, पण रेल्वेतून उतरून आणखी एक बस धरावी लागायची. 2023 मध्ये स्टेशन ते टर्मिनल छोटी ट्रेन सुरू झाली तेव्हा सुटका झाली. किलोमीटर मोजू नका, रूळ कुठपर्यंत आलेत ते बघा.

आप्पा, बी-101: शाब्बास. पहिल्यांदा या पोरानं रेल्वेच्या बाजूनं काही बोललं.

पिंटू, ए-402: आप्पा, अजून पुढं आहे. एकटा असेन, पाठीवर एक सॅक, सकाळचं विमान, तर मी आजही 19 युरोवालंच घेतो. काकांच्या गुडघ्यांसाठी नाही घेणार.

अक्का, सी-204: ह्यांचे गुडघे सगळ्या सोसायटीला ठाऊक आहेत वाटतं.

मामा, डी-102: माझी पण फजिती ऐका. सोलापूर-गोवा विमान जून 2025 ला सुरू झालं. आयुष्यभर विमानासाठी पुणं नाहीतर हैदराबाद गाठलं, आता आसरा चौकातून रिक्षात बसलं की विमानतळ. म्हटलं जायचंच. हॉटेल घेतलं कोलव्याला, कारण लग्नानंतर तिथंच गेलो होतो. विमान उतरतं मोपाला, तो गोव्याचा उत्तरेकडचा शेंडा, आणि कोलवा मडगावच्या पलीकडे. सत्तर किलोमीटर! जुनं दाबोळी विमानतळ डोक्यात बसलेलं. विमानाला तास, टॅक्सीला दोन तास. बाहेर कदंबची (गोव्याची एसटी) बस उभी होती, पणजी-मडगाव करत गेलो असतो आरामात, पण रुबाब नडला. विमानानं आलेला माणूस बसमध्ये कसा बसेल!

वहिनी, ए-301: मामा, बायकोला सरप्राइज द्यायचं होतं ना?

मामा, डी-102: मिळालं की तिला. मोपा कुठं आहे ते कळलं.

आप्पा, बी-101: पाणी आलंय!! मोटर कोण चालू करतंय? मागच्या पाळीला ए विंगची टाकी वाहत होती आणि सी कोरडी.

सेक्रेटरी: चालू केली. वॉचमनला वर पाठवलंय. पिण्याचं भरून घ्या सगळ्यांनी.

(दुपारी)

अक्का, सी-204: पाणी भरून, स्वयंपाक उरकून आले. अण्णा, एकूण किती पडेल तेवढं सांगा. मला ते युरो-बिरो एकदम कळत नाही.

अण्णा, बी-303: युरो शंभरचा धरा, थोडा वरच आहे पण हिशोबाला सोपा. दोघांचं तिकीट 38. त्यात फक्त मांडीवर मावेल एवढी पिशवी. चाकाची 10 किलोची बॅग म्हणाल तर वेगळे पैसे, आम्हाला एकेकीचे 24 पडले, म्हणजे 48. बर्गामोची बस दोघांचे 20. बोव्हेची बस विमानाच्या तिकिटाच्या तोडीची, दोघांचे 34 धरा. झाले 140. चौदा हजार रुपये. आणि हे सगळं वेळेवर झालं तर.

अक्का, सी-204: अगंबाई. चार हजाराचे चौदा?

अण्णा, बी-303: आता दुसरी बाजू. मिलानचं जुनं विमानतळ आहे लिनाते, गावातच. 2022 च्या शेवटी तिथं मेट्रो पोचली, आता ती गावाच्या मधोमध जाते. साधं शहराचं तिकीट, दोन-सव्वादोन युरो. पॅरिसला ऑर्ली विमानतळ घ्यायचं. तिथं जून 2024 मध्ये, ऑलिंपिकच्या तोंडावर, 14 नंबरची मेट्रो आली. विमानतळाचं तिकीट वेगळं असतं, 2025 मध्ये 13 युरो होतं. केबिन बॅग धरून तिकीट समजा माणशी 65. दोघांचे 130, मेट्रोचे 30 च्या आसपास. 160. वीस युरो जास्त. दोन हजार रुपयांत तुमच्या ह्यांचे गुडघे आणि अर्धा दिवस वाचतो.

पिंटू, ए-402: 65 ला मिळालं तर. मे महिना आहे अण्णा.

अण्णा, बी-303: तेही खरं.

आप्पा, बी-101: कुणी रेल्वेचं नाव घेईना म्हणून मीच घेतो. मिलान ते पॅरिस थेट गाडी आहे. आल्प्सच्या मधून जाते, साधारण सात तास. ऑगस्ट 2023 मध्ये दरड कोसळून ती लाइन बंद पडली ती 31 मार्च 2025 ला उघडली. दीड वर्ष! आमच्या घाटात दरड आली तर चार दिवसांत लोक ओरडायला लागतात. पॅरिसला गार द लियॉन स्टेशनात उतरवते, गावाच्या आत. बॅगांना कुणी तराजू लावत नाही. खिडकीतून बर्फ बघत जायचं, डब्यातली पुरी-भाजी खायची.

वहिनी, ए-301: आप्पा, तुम्ही रेल्वेतून अजून रिटायर झालेले नाहीत 😄

आप्पा, बी-101: नोकरी सुटली, रूळ सुटत नाहीत.

पिंटू, ए-402: काकू, कमी पैशाचंच विमान घेतलं तर दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, चेक-इन घरूनच ऑनलाइन करायचं. विसरलं आणि काउंटरला गेलं तर काही कंपन्या माणशी 55 युरो घेतात, तिकिटाच्या तिप्पट. दोन, आपला पासपोर्ट युरोपचा नाही, म्हणून काही कंपन्यांत सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर व्हिसा दाखवून तपासून घ्यावा लागतो. इटली-फ्रान्सला एकच शेंगेन व्हिसा चालतो, वेगळा काढायचा नाही, पण तो बघितल्याची नोंद पाहिजे. माझ्यापुढचा एक पोरगा तसाच गेटपर्यंत गेला, गेटवरून परत पाठवला. पळत गेला आणि पळत आला बिचारा.

अक्का, सी-204: हे बरं सांगितलंस रे. जावईबापू बोलले नव्हते हे.

वहिनी, ए-301: अक्का, लेकीला चटणी नेताय ना?

अक्का, सी-204: शेंगाची चटणी दोन किलो, कडक भाकरी, आणि एक चादर. तूप आणि पेढे पण म्हणत होते.

अण्णा, बी-303: तूप-पेढे नका नेऊ. बाहेरून येणाऱ्याला दुधाचं आणि मटणाचं काही युरोपात नेता येत नाही, कस्टमवाल्यानं उघडलं तर डब्यासकट जातं. चटणी-भाकरीला कोण काय म्हणत नाही. चादर विमानात अंगावर घ्या, वजनात धरत नाहीत 😀

मामा, डी-102: अण्णा, ते बोव्हे गाव तरी बघण्यासारखं आहे का? एवढं लांब उतरवतात तर.

अण्णा, बी-303: चर्च बघितलं आम्ही परतीच्या दिवशी, वेळ होता म्हणून. छत अठ्ठेचाळीस मीटर उंच, मान मोडते. त्यावर मनोरा चढवला होता, जमिनीपासून दीडशे मीटर उंच. चारच वर्षं टिकला, 1573 मध्ये कोसळला. पुढचा भाग बांधायचा राहिला तो राहिलाच, अजून अर्धंच चर्च उभं आहे.

मामा, डी-102: आपल्याकडे विमानाच्या वाटेतली साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा कुठं विमान आलं. 15 जून 2023, आमच्या गच्चीवरून बघितलं होतं.

सेक्रेटरी: चिमणीचा विषय या ग्रुपवर नको. मागच्या वेळी तिघं ग्रुप सोडून गेले होते.

अण्णा, बी-303: बर्गामो मात्र जरूर बघा अक्का, विमानासाठी नाही, गावासाठी. डोंगरावर जुनं गाव, भोवती व्हेनिसवाल्यांनी बांधलेला तट, 2017 पासून जागतिक वारशात आहे. लेकीकडून एका दिवसात होतं.

(रात्री 9.40)

अक्का, सी-204: सगळ्यांचे आभार. जावयांशी बोलले. ते म्हणाले, "आई, मी पण बोव्हेला एकदाच गेलोय." मग आधी का नाही सांगितलं विचारलं तर हसले नुसते. जाताना आप्पांची रेल्वे ठरली, दिवसाची, खिडकीची जागा. येताना ऑर्लीहून लिनाते, दुपारचं. तोपर्यंत ते 19 युरोवालं 31 युरोला गेलं होतं, सुटलो म्हणायचं.

आप्पा, बी-101: 🙏 डाव्या बाजूला बसायचं का उजव्या ते मी नकाशा बघून सांगतो.

पिंटू, ए-402: काकू, मुंबईला कसं जाणार? विमान की वंदे भारत?

अक्का, सी-204: ते अजून ठरायचंय. त्याहून मोठा प्रश्न, आम्ही नसताना दोन-तीनदा तरी पाण्याची पाळी येणार. आमची टाकी कोण भरणार? किल्ली कुणाकडे ठेवू?

वहिनी, ए-301: माझ्याकडे द्या.

मामा, डी-102: आणि चटणीतली अर्धा किलो पण तिच्याकडेच ठेवा, बॅगेचं वजन तेवढंच कमी.