नवे ओल्ड ट्रॅफर्ड होईल, पण बोजा कोणाच्या नावावर चढेल?

प्रश्न : कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार. गेली सोळा-सतरा वर्षे मी सांगलीत बसून मँचेस्टर युनायटेडचे सामने पाहत आलो आहे. 12 मे 2024 च्या रविवारी रात्री आर्सेनलने आम्हाला आमच्याच मैदानावर 1-0 असे हरवले, आणि वर ओल्ड ट्रॅफर्डच्या छपराच्या कोपऱ्यातून पावसाचे पाणी धबधब्यासारखे खाली कोसळू लागले. ते पाहून सौ.ने विचारले, "एवढा मोठा क्लब आणि साधी पन्हळसुद्धा धड नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

पुढे मार्च 2025 मध्ये क्लबने जुन्या मैदानालगतच एक लाख आसनांचे नवे स्टेडियम बांधण्याचा मानस जाहीर केला. खर्चाचा अंदाज सुमारे 200 कोटी पौंड असून आराखडा वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेचा आहे. चित्रे देखणी आहेत, याबद्दल वाद नाही. माझी अडचण मालकीची आहे. 2005 मध्ये ग्लेझर कुटुंबाने सुमारे 79 कोटी पौंडांना क्लब घेतला, तेव्हा त्यातील मोठी रक्कम कर्जाऊ होती आणि ते कर्ज क्लबच्याच माथी मारण्यात आले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे, तर जमीन घेणाऱ्याने त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर बोजा चढवला आणि हप्ते तिच्याच पिकातून फेडायला लावले. 2024 मध्ये ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ भागीदार झाले आणि फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे गेला, तरी बहुसंख्य मते आजही त्याच कुटुंबाकडे आहेत. अशा स्थितीत नव्या स्टेडियमला पाठिंबा देणे म्हणजे मालकांना पाठिंबा देणे ठरते का? जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : मिरजेचा गनर

ठरत नाही, असे मला वाटते. मात्र आम्ही आर्सेनलवाल्यांनी हे दिवस काढलेले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. 2006 मध्ये आम्ही आमचे जुने मैदान, हायबरी, सोडले. तेथे 38 हजारांच्या आसपास प्रेक्षक बसत, नव्या एमिरेट्स स्टेडियममध्ये 60 हजार बसतात. त्यासाठी सुमारे 39 कोटी पौंड खर्च आला आणि ते फेडण्याच्या काळात एकेक चांगला खेळाडू हातचा जात राहिला. फाब्रेगास गेला, नासरी गेला, आणि व्हॅन पर्सी तर तुमच्याकडेच येऊन पहिल्याच हंगामात तुम्हाला विजेतेपद देऊन गेला, हे मी अजून विसरलेलो नाही. 2005 च्या एफए कपनंतर पुढचा मोठा करंडक थेट 2014 मध्ये दिसला. तरीही तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण ज्यासाठी कर्ज काढले ती वास्तू क्लबकडेच राहिली. तुमच्याकडे 2005 च्या कर्जातून एक वीटही उभी राहिली नाही, आणि आता त्यावर दुसरे कर्ज चढणार असेल, तर शंका घेणे रास्तच आहे.

उत्तर : ऊसवाला, वाळवा तालुका

मालक बदला, म्हणजे सगळे सुरळीत होईल, असे अनेक जण म्हणतात आणि मग जर्मनीचे उदाहरण येते. तेथे 1998 पासून क्लबच्या कंपनीत बहुसंख्य मते सभासदांच्या संस्थेकडेच असली पाहिजेत, असा नियम आहे. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग हे त्याचे ठळक अपवाद.

सभासदांची मालकी आपल्या भागाला नवी नाही. वडिलांच्या नावावर एका साखर कारखान्याचा शेअर आहे. दिवाळीला सवलतीची साखर मिळायची, आणि वार्षिक सभेत अहवालाचे पान उलटण्याच्या आत पुढच्या रांगांतून "मंजूर, मंजूर" असा गलका व्हायचा. एका वर्षी वडील ताळेबंदातील कर्जाच्या आकड्यावर बोट ठेवून उभे राहिले, तोपर्यंत राष्ट्रगीत सुरू झाले होते. पुढे तो कारखाना भाडेतत्त्वावर गेला. शेअर अजून आमच्याकडे आहे.

जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबचेही असेच झाले. मतांची सूत्रे सभासदांकडे असूनही क्लबने खेळाडूंवर वारेमाप खर्च केला, स्वतःचे वेस्टफालेनस्टाडियोन विकून त्याच मैदानात भाडे भरून खेळण्याची वेळ आली, आणि 2005 मध्ये क्लब दिवाळखोरीच्या दारात उभा होता. 2006 मध्ये त्यांनी स्टेडियम परत घेतले. फरक एवढाच, की तेथील सभासदांना चूक सुधारण्याची संधी मिळाली. मँचेस्टरच्या चाहत्याला सभेत उभे राहण्यापुरतेही स्थान नाही. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात त्यांचे समभाग आले खरे, पण ग्लेझर कुटुंबाकडील एका समभागाला दहा मते आणि बाजारातल्या समभागाला एक, अशी ती रचना आहे.

उत्तर : विश्रामबागकर

जागेचा विचारही करावा. इंग्लंडच्याच कोव्हेंट्री सिटी क्लबने 2005 मध्ये शंभराहून अधिक वर्षांचे हायफील्ड रोड मैदान सोडले आणि नव्या कोऱ्या मैदानात भाडेकरू म्हणून प्रवेश केला. भाड्यावरून तंटा झाला आणि 2013-14 चा हंगाम त्यांना नॉर्दॅम्प्टनला जाऊन खेळावा लागला. आपल्याच गावातला संघ बघायला परगावी जायचे! नंतर आणखी दोन हंगाम बर्मिंगहॅममध्ये गेले.

ओल्ड ट्रॅफर्डच्या बाबतीत प्रकल्पासाठी लागणारी शेजारच्या मालगाड्यांच्या टर्मिनलची जागा हाच कळीचा प्रश्न आहे. ज्या क्लबची स्थापना 1878 मध्ये रेल्वे कामगारांनी केली, त्याचे घोडे रेल्वेच्याच जागेपाशी अडावे, ही गंमतच म्हणायची.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : कृष्णाकाठ, सांगली

सर्वांचे आभार. ऊसवाल्यांचा मुद्दा पटला, फक्त एक भर घालतो. ग्लेझर आले त्याच वर्षी काही समर्थकांनी बाहेर पडून एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा एक सभासद, एक मत या तत्त्वावरचा क्लब काढला आणि 2015 मध्ये स्वतःचे छोटे मैदानही उभे केले. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण रविवारी रात्री मी टीव्ही लावतो तो जुन्याच संघासाठी, हेही कबूल करतो.

माझे मत आता असे झाले आहे की, कर्ज कोणत्या कंपनीच्या नावावर असेल, तारण काय असेल आणि मालक लाभांश घेत राहणार का, हे लेखी जाहीर होईपर्यंत स्टेडियमला होकार देऊ नये. 2024-25 च्या ऐन हंगामात उरलेल्या तिकिटांचा दर 66 पौंड करून मुले आणि ज्येष्ठ यांची सवलतही काढली गेली, त्यामुळे रॅटक्लिफ यांच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची माझी तयारी नाही. मिरजकरांना एवढेच विचारायचे राहिले : हायबरीतून एमिरेट्सला जाताना जुन्या हंगामी पासधारकांना त्यांच्या जवळपासच्या जागा मिळाल्या होत्या, की सगळे विखुरले गेले?