फितूर साक्षीदाराला थेट तुरुंग? मला नाही पटत

गोदाकाठ:
काल एकाने इथे लिहिलं, "साक्षीदार फितूर झाला की तिथल्या तिथे सात वर्षं आत टाका, आरोपी सुटणं बंद होईल." वाचल्यापासून डोकं भणभणतंय. महाराष्ट्रातलं ते प्रकरण विसरलात? जून २००३, शेतवस्तीवर पाच जण मारले गेले. वाचलेल्या बाईंनी पोलिसांकडच्या फोटोंतून चौघांना ओळखलं. ते चौघे राहिले बाजूला, उभे केले भटक्या समाजातले सहा जण. कोर्टात बोट त्यांच्याकडेच दाखवलं गेलं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, मार्च २०१९मध्ये त्याच न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. इथे साक्षीदार फितूर झाले नव्हते, सरकारी पक्षाच्याच बाजूने ठाम राहिले होते!

रोखठोक:
एकच प्रकरण पुढे करून फितुरांना पाठीशी घालू नका. बेस्ट बेकरी आठवा. बडोदा, २००२ची दंगल, चौदा बळी. साक्षीदार फिरले आणि सगळे आरोपी सुटले. सर्वोच्च न्यायालयाने खटला मुंबईत आणला, तेव्हा कुठे २००६ला नऊ जणांना जन्मठेप झाली. मुख्य साक्षीदार पुन्हा फिरली म्हणून तिला वर्षभराची कैद. असंच हवं.

गोदाकाठ:
आणि तिच्यावर दबाव आणणाऱ्यांचं काय? तेवढं सोयीस्कर वगळलंत.

काळाकोट:
दोघेही जरा थांबा. पोलिसांनी तपासात लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, घ्यायचीच नसते. जमादाराने लिहिलेलं "मी असं बोललोच नाही" म्हणणारा शपथेवर खोटं बोलला, हे ठरवणार कशावरून? मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब शपथेवर होतो, तिथे गोष्ट वेगळी. सात वर्षांपर्यंतची कैद कायद्यात आहेच, पण त्याचा वेगळा खटला चालवावा लागतो. त्या माणसालाही बाजू मांडू द्यावी लागते.

किराणावाला:
मी फितूर आहे. कोर्टाच्या कागदावर तसंच लिहिलंय. रात्री दुकान बंद करत होतो, हवालदार म्हणाले, "शेठ, पाच मिनिटं या, पंच म्हणून सही हवी." चाकू आधीच टेबलावर होता. आरोपीने तो माझ्यासमोर काढून दिला, अशा कागदावर सही केली. सहा वर्षांनी समन्स आलं. चार खेपा नुसती पुढची तारीख, दुकान बंद ठेवून. पाचव्यांदा सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपीने चाकू तुमच्यासमोर काढून दिला ना? मी म्हणालो, नाही पाहिला. झालो फितूर.

रोखठोक:
मग सही केलीतच कशाला? तुमच्यासारख्यांमुळेच खटले पडतात!

किराणावाला:
रात्री अकराला ठाण्यातून बोलावणं आल्यावर तुम्ही नाही म्हणाला असतात? दुकान माझं त्याच चौकात आहे, साहेब.

सांजवात:
माझे वडीलही पंच होते. एसटीने तालुक्याला जायचे, दिवसभर बाकावर बसायचे, भत्ता कधी हातात पडला नाही. तिसऱ्या तारखेला म्हणाले, आता कुणी मेलं तरी मी काही पाहिलेलं नाही.

काळाकोट:
त्यात नेहमीचेच ठरलेले पंच. एकच माणूस दहा पंचनाम्यांवर. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच असतो.

रोखठोक:
बरं, पंचांचं मान्य. तो दोष ठाण्याचा. पण मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांगून नंतर पैसे घेऊन फिरणाऱ्याला सोडायचं नाही, यावरून मी हटणार नाही.

गोदाकाठ:
त्याला नका सोडू. पण फितूर ठरलेल्यांतून तो आधी वेगळा काढा, त्याला पैसे देणाऱ्यालाही शोधा. २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना लागू केली, तिच्याबद्दल किती साक्षीदारांना कुणी सांगितलं?

किराणावाला:
माझ्या खटल्यातला आरोपी सुटला. त्याने मारलं की नाही, मला ठाऊक नाही. चाकू निघताना मी पाहिला नाही, एवढंच ठाऊक आहे. पुन्हा विचारलं तरी तेच सांगेन.