समुद्रातून मिळालेली जुनी नाणी : शोध, स्वच्छता आणि जतन याबाबत सल्ला हवा आहे

मुठेकाठी

नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि माझे आजोळ रेवदंड्याला आहे. यंदा पावसाळा सरल्यावर ओहोटीच्या वेळी पुळणीवर मामांना व मला तांब्याची काही नाणी आणि एक काळा गोळा मिळाला. एका नाण्यावर ‘श्री राजा शिव’ यातले ‘राजा’ नीट वाचता येते. बाकीच्यांवर पांढरी चुनखडी आणि हिरवा कळंक इतका चढला आहे की काहीच उमगत नाही. गोळा सुपारीपेक्षा थोडा मोठा असून कडेने पाहिल्यास पातळ चकत्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. नाणी वाळवून स्टीलच्या डब्यात कापसावर ठेवली आहेत. गोळा मात्र मामांनी आणला तसाच पाण्याच्या बरणीत आहे.

आई चिंच आणि मीठ लावून घासायला सांगते, तर जुन्या बाजारातल्या एका विक्रेत्याने रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा सल्ला दिला. यांपैकी काय करावे, पुण्यात कोणाला दाखवावे आणि मेटल डिटेक्टर घेऊन पुढे शोध घ्यायचा असल्यास कायद्याची अडचण येते का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

क्षारमुक्त

चिंच, मीठ, लिंबू, व्हिनेगर किंवा पितळ घासायची भुकटी यांपैकी काहीही लावू नये, हे सर्वांत आधी सांगतो. तांब्याचा घडा चिंचेने लखलखतो, कारण वरचा पातळ थर आम्लात विरघळतो आणि त्याखाली सलग धातू असतो. दीर्घकाळ समुद्रात राहिलेल्या नाण्याचे तसे नसते. मूळ धातू आतपर्यंत झिजलेला असतो आणि अक्षरांचे उठाव बहुधा त्या हिरव्या-तपकिरी थरातच शिल्लक राहिलेले असतात, त्यामुळे थर गेला की अक्षरेही जातात. चिंचेबरोबर मीठ लावणे तर दुहेरी नुकसानीचे आहे, कारण ज्या क्लोराइडपासून नाण्याची सुटका करायची तेच आपण पुन्हा त्यावर चोळत असतो.

चुनखडी कुरूप दिसते, पण तिच्याने नाणे मरत नाही. नाणे मरते ते आत मुरलेल्या क्लोराइडने. खाऱ्या पाण्यात तांब्यावर क्युप्रस क्लोराइड तयार होते आणि ते थरांच्या तळाशी, धातूला लागून दडून बसते. नाणे पाण्याबाहेर येऊन वाळले की हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा यांच्यामुळे त्याची फिकट पोपटी भुकटी होऊ लागते, त्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, ते आम्ल आणखी तांबे खाते आणि त्यातून पुन्हा क्लोराइड बनते. यालाच संग्राहक ‘ब्रॉन्झ डिसीझ’ म्हणतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ४५ टक्क्यांच्या वर गेली की हा प्रकार वेग धरतो, आणि पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा याच्या कितीतरी वर असते. म्हणून उन्हाळ्यात ठणठणीत दिसणारे नाणे गणपतीपर्यंत भुसभुशीत झालेले आढळते.

आपली नाणी वाळलेली आहेत, तेव्हा प्रथम परीक्षा घ्यावी. झाकणाच्या काचेच्या बरणीत ओला कापूस ठेवावा, नाणे त्याला टेकू न देता बरणीत ठेवून झाकण लावावे आणि एक दिवस थांबावे. ठिपक्याठिपक्यांनी पोपटी भुकटी फुटली तर ते नाणे जिवंत रोगाचे समजावे. गडद हिरवा, टणक आणि गुळगुळीत थर हा रोग नव्हे. त्याला हात लावण्याचे कारण नाही.

ज्यांच्यावर भुकटी फुटेल ती डिस्टिल्ड वॉटरमध्ये, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात बुडवून ठेवावीत. नळाच्या पाण्यात स्वतःचेच क्लोराइड असते, त्यामुळे ते उपयोगाचे नाही. पाणी आठवड्याला बदलावे आणि काढलेल्या पाण्याच्या नमुन्यात नायट्रिक आम्लाचा एक थेंब घालून मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. दुधाळपणा आला तर क्लोराइड अजून बाहेर पडत आहे असे समजावे. हे काम महिनोन्‌महिने चालू शकते. सिल्व्हर नायट्रेटने बोटांवर काळे डाग पडतात, ते कित्येक दिवस जात नाहीत; हातमोजे घालावेत.

अनेक जण सोडियम सेस्क्विकार्बोनेटचे द्रावण सुचवतात, म्हणजे एक लिटर पाण्यात सुमारे २८ ग्रॅम धुण्याचा सोडा आणि २२ ग्रॅम खाण्याचा सोडा. ते क्लोराइड अधिक जोमाने काढते हे खरे, पण जुन्या थराचा रंग बदलून त्यावर निळसर छटा आणते. शिवाय किराणा दुकानातल्या धुण्याच्या सोड्यात मीठ मिसळलेले असण्याचा संभव असतो. वापरायचेच असेल तर प्रयोगशाळेच्या प्रतीचे घ्यावे आणि चाचणीपूर्वी नमुना नायट्रिक आम्लाने पुरेसा आम्लधर्मी करावा. नाहीतर कार्बोनेटमुळेच साका बसतो आणि निष्कर्ष चुकतो.

चुनखडी काढण्यासाठी भिंग, ओला पृष्ठभाग आणि बांबूची टोकदार काडी किंवा बाभळीचा काटा पुरेसा आहे. सुई आणि ब्लेड नको. कडेपासून सुरुवात करावी. अक्षरांजवळ आल्यावर ज्याला घाई होते त्याने त्या दिवसापुरते काम थांबवावे.

अष्टागरकर

शोधण्याविषयी थोडे सांगतो. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून नेतात आणि नंतरच्या शांत महिन्यांत ती हळूहळू परत येते. म्हणून जुन्या वस्तू पावसाळा संपता संपता उघड्या पडतात आणि पुढे पुन्हा गाडल्या जातात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी लांबवर जाते, तेव्हा काळी जड वाळू आणि शिंपल्यांचा चुरा जिथे पट्ट्याने साठतो तिथेच जड धातूही सापडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, फेरी मारून फारसे हाती लागत नाही. चौल-रेवदंडा हे सातवाहन काळापासूनचे बंदर आहे आणि पोर्तुगिजांचाही तिथे दीर्घ काळ वावर होता. तेव्हा न वाचता येणारे प्रत्येक नाणे शिवराईच (‘श्री राजा शिव’ लिहिलेले तांब्याचे नाणे) असेल असे धरून चालू नये. फार जड आणि मऊ, राखाडी नाणे आढळले तर ते शिशाचे असू शकते. शिसे विषारी आहे, ते घासू नये आणि लाकडी कपाटातही ठेवू नये, कारण लाकडातून सुटणारी सेंद्रिय आम्ले शिशाला खातात.

आता कायदा. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्यात वस्तूचे स्वरूप, अंदाजे मूल्य, ठिकाण आणि सापडल्याची तारीख लिहावी लागते. न कळवल्यास सापडलेल्या निधीतला शोधणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. आपली नाणी रायगड जिल्ह्यात मिळाली आहेत, त्यामुळे पत्र अलिबागला जाईल, पुण्याला नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या नातलगाला भेट म्हणूनसुद्धा नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय उत्खनन करणे हा गुन्हा आहे, म्हणून डिटेक्टर आणि कुदळ घेऊन कोटाच्या तटाजवळ जाण्याचा विचार मनातून काढून टाकावा. पत्राबरोबर साफ न केलेल्या स्थितीतली छायाचित्रे जोडावीत, त्यांचा पुढेही उपयोग होतो.

दुदांडी

पुण्यात ओळख पटवण्यासाठी भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग ही दोन ठिकाणे मला योग्य वाटतात. नाणेशास्त्राला वाहिलेली संस्था नाशिकजवळ अंजनेरीला आहे. प्रत्यक्ष उपचार करून हवे असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्राकडे चौकशी करावी. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात नाणी पाहावीत, गप्पा माराव्यात, पण उपचाराचा सल्ला तिथून घेऊ नये. तिथे चकाकणाऱ्या नाण्याला गिऱ्हाईक लवकर मिळते आणि व्हिनेगरचा सल्ला त्यातूनच येतो. जाणकार संग्राहक घासलेल्या नाण्याला कमी किंमत देतो.

गोळ्याबद्दल माझे मत असे की तो फोडू नये. काळा रंग आणि चिकटलेल्या चकत्या पाहता ही चांदीची नाणी असण्याची शक्यता आहे. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणूंमुळे तयार होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने चांदीचे काळे सल्फाइड होते. श्रीलंकेच्या दक्षिणेला ग्रेट बासेस खडकाजवळ १९६१ मध्ये सापडलेल्या जहाजात औरंगजेबाच्या सुरत टांकसाळीचे, हिजरी १११३ चे रुपये सुमारे हजाराच्या गठ्ठ्यांत चिकटलेले होते, आणि पिशवी कुजून गेली तरी गठ्ठ्यांचा आकार पिशवीचाच राहिला होता. सुटी नाणी किती मिळाली यापेक्षा तो आकार अधिक सांगून जातो.

ज्यांना समुद्रातले नाणे बाळगण्याची केवळ हौस आहे, त्यांनी ‘ॲडमिरल गार्डनर’ या जहाजातली १८०८ ची, ईस्ट इंडिया कंपनीची ‘कॅश’ नावाची नाणी पाहावीत. मद्रासेला निघालेले ते जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या गुडविन सँड्सवर बुडाले. नाणी पिंपांत गच्च भरलेली असल्याने आतली बरीच आजही नवी वाटतात. मात्र ‘जहाजातले’ एवढ्या शब्दावर दुप्पट पैसे मोजू नयेत.

मुठेकाठी

सर्वांचे आभार. पत्राचा मसुदा तयार केला आहे. बरणीची परीक्षा घेतली. दोन नाण्यांच्या कडेला बारीक पोपटी ठिपके फुटले आणि दुर्दैवाने त्यांतले एक तीच शिवराई आहे. ती दुसऱ्या नाण्याबरोबर पाण्यात टाकावी का? गोळ्याचे पाणी बदलावे का?

क्षारमुक्त

शिवराई घरी पाण्यात टाकू नये, ती संवर्धकाकडेच द्यावी; वाचता येणारी अक्षरे असलेल्या नाण्यावर प्रयोग करण्यात अर्थ नाही. तोवर दोन्ही नाणी स्टीलच्या डब्यातून आणि कापसातून काढून, हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात भरपूर सिलिका जेलसह ठेवावीत. कोरडेपणा मिळाला की रोग थांबून राहतो. जेलचे रंगीत दाणे घ्यावेत आणि रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरावेत. पीव्हीसीचे मऊ पाकीट वापरू नये, त्यातूनही क्लोराइड सुटते. बरणीत फुटलेली सैल भुकटी कोरड्या मऊ कुंचल्याने झटकावी, त्यापुढे काही करू नये.

गोळ्याचे पाणी एकदम बदलू नये. आज चौथा हिस्सा काढून तेवढे डिस्टिल्ड वॉटर घालावे, काही दिवसांनी पुन्हा तसेच करावे, आणि मुंबईला नेताना तो ओल्या फडक्यात गुंडाळून बंद डब्यात न्यावा. मधल्या काळात बरणी उन्हात ठेवू नये आणि गोळा वाळू देऊ नये.