झांग निंगला यश उशिरा मिळाले की संधी?

फोंड्याची आई:
नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची असून गेली सात वर्षे बॅडमिंटनमध्ये एकेरी खेळते. परवा हॉलच्या पत्र्यावर पावसाचा मारा चालू असताना एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की या वयापर्यंत गोव्याबाहेर नाव झाले नाही तर पुढे काही व्हायचे नाही. घरी आल्यावर मुलीने चीनच्या झांग निंगचे उदाहरण पुढे केले: जगज्जेतेपद २८व्या वर्षी, ऑलिंपिक सुवर्णपदके २९व्या आणि ३३व्या वर्षी. हे खरे आहे का, आणि त्यावर कितपत विसंबावे?

पणजीकर:
ताई, आकडे बरोबर आहेत, पण त्यांचा अर्थ मुलीने लावला तसा नाही. झांग निंग १९व्या वर्षीच उबेर चषकाच्या, म्हणजे महिलांच्या जागतिक सांघिक स्पर्धेच्या, चिनी संघात होती. १९९४ मध्ये जकार्ताच्या अंतिम लढतीत २-२ अशी बरोबरी झाल्यावर निर्णायक सामना तिच्या वाट्याला आला आणि इंडोनेशियाच्या अवघ्या १४ वर्षांच्या मिया ऑदिनाने तिला हरवले. त्याआधी सलग पाच वेळा तो चषक चीनकडे होता. पुढे ये झाओयिंग, गोंग झिचाओ अशा सहकाऱ्यांच्या मागे ती रांगेतच राहिली, कारण ऑलिंपिकला एका देशाच्या तिघींनाच उतरता येत असे, आणि २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या तिघींत ती नव्हती. २००३ मध्ये बर्मिंगहॅमला गोंग रुईनाला नमवून ती जगज्जेती झाली आणि पुढच्या वर्षी अथेन्सला अंतिम फेरीत तिच्यासमोर पुन्हा मियाच उभी राहिली, या वेळी नेदरलँड्सकडून. पहिला गेम ८-११ असा गमावूनही झांगने पुढचे दोन ११-६, ११-७ असे जिंकले. म्हणजे तिची तयारी कधीच उशिरा झाली नव्हती.

म्हापशाचा जुना खेळाडू:
पणजीकरांशी सहमत आहे. मात्र अथेन्सची एक बाजू मुलीपासून लपवू नये. तिथल्या उपान्त्य सामन्यात चीनच्याच झोउ मीला झांगपुढे नमते घ्यायला सांगितले होते, हे प्रशिक्षक ली योंगबो यांनी पुढे स्वतःच कबूल केले. यात झांगला दोष द्यावा असे मला वाटत नाही, तरी ते पदक पाहताना हे आठवतेच.

माझ्या दृष्टीने २००८ चे बीजिंगचे सुवर्ण मोठे. अथेन्सला सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळत असे आणि गेम ११ गुणांचा होता. २००६ पासून २१ गुणांची पद्धत आली, जिच्यात प्रत्येक चुकीचा गुण थेट समोरच्याला जातो. (मी स्वतः त्या बदलानंतर वर्षभर गुण मोजण्यातच चुकत होतो.) तिशी उलटल्यावर तिने हा हिशेब नव्याने अंगवळणी पाडला आणि २००५ व २००६ च्या जागतिक अंतिम सामन्यांत जिने तिला हरवले होते, त्याच शिए शिंगफांगला २१-१२, १०-२१, २१-१८ असे हरवले. दुसरा गेम तसा गेल्यावर तिसऱ्यात ती कशी उभी राहिली, ते मुलीला चित्रफितीत अवश्य दाखवा.

फोंड्याची आई:
दोघांचेही आभार. सामना आम्ही काल रात्री पाहिला. झोउ मीचे ऐकून मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, की तिचे पुढे काय झाले?

पणजीकर:
ती हाँगकाँगकडून खेळू लागली आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानापर्यंत पोहोचली. २०१० मध्ये उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत दोषी ठरल्याने तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली.