शब्दचर्चा: एमआरआयमधली ‘रिंग’ आणि घरातली ‘गाठ’

सोलापूरकर: मामांना फिट आली म्हणून सात रस्त्याजवळ एमआरआय काढला. रिपोर्टात ‘रिंग एन्हान्सिंग लेजन, ट्युबरक्युलोमा / एनसीसी’ असं आहे. घरी सगळे ‘डोक्यात गाठ’ म्हणतायत, मामी रडून बेजार. लेजनला मराठीत काय म्हणायचं?

फिल्मवाला: लेजन म्हणजे नुसता बिघडलेला भाग, ते रोगाचं नाव नव्हे. ‘गाठ’ नको, आपल्याकडे गाठ म्हटलं की लोक थेट कॅन्सर धरतात. शिरेतून गॅडोलिनियम हे उजळवणारं औषध दिल्यावर त्या भागाची कड उजळते आणि मधलं काळं राहतं, ती रिंग. मी पेशंटला ‘कडं’ म्हणतो. कडं क्षयाचं असतं (ट्युबरक्युलोमा), फीतकृमीच्या अळीचं असतं (एनसीसी, म्हणजे न्यूरोसिस्टिसरकोसिस), पू झालेल्या गळवाचं असतं, काही ट्यूमरचंही.

जुनी_आक्का: कडं काय, हातातलं? ‘क्षयग्रंथी’ म्हणा की.

फिल्मवाला: आक्का, ग्रंथी म्हटलं की लोक थायरॉइडवर जातात.

सोलापूरकर: पण दोन नावं का? एक काय ते सांगावं ना!

फिल्मवाला: एका फिल्मवर कधीकधी ठरतच नाही. अळीचं कडं बहुधा २ सेंटिमीटरच्या आतलं, गोल, गुळगुळीत. आत एका बाजूला ठिपका दिसला तर ते अळीचं डोकं, मग वादच मिटतो. क्षयाचं बहुतेकदा त्याहून मोठं, कड वेडीवाकडी, दोन-तीन एकमेकांना चिकटलेली, भोवती सूज. टी-टू फिल्मवर (एमआरआयचाच एक प्रकार) मधला भाग बऱ्याचदा काळपट. तरीही शंका राहिली तर स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे त्या भागातली रसायनं एमआरआयवर तपासतात, क्षयात त्या आलेखावर १.३ पीपीएमजवळ लिपिडचा (चरबीचा) सुळका येतो. छातीचा एक्सरे काढलाय का? मेंदूच्या टीबीत फुप्फुसातही तो सापडू शकतो.

सोलापूरकर: उद्या काढणार आहेत. आणि शेजारची काकू ‘मेंदूज्वर’ म्हणतेय.

जुनी_आक्का: तो वेगळा गं. मेंदूज्वर म्हणजे आवरणाला सूज. क्षयाचा असला की मेंदूच्या तळाशी चिकट थर साचतो, पाण्याची वाट तुंबते. त्यालाच ‘मेंदूत पाणी झालं’ म्हणतात. तुझ्या मामांच्या रिपोर्टात हायड्रोसेफॅलस लिहिलंय का बघ.

सोलापूरकर: नाही लिहिलं. एनसीसीला मात्र मामी म्हणतात, ‘आमच्याकडं मटण शिजत नाही, किडा कुठनं येईल?’

फिल्मवाला: ‘किडा’ आधी बंद करा. फीतकृमीची अंडी घाण पाण्यातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतूनही पोटात जातात. माळकऱ्यालासुद्धा होतं हे.